गोड्या पाण्याची टाकी खारी केली : आठ महिन्यांनंतर

चार वर्षं गोल्डफिश सांभाळलेली तीन फुटी टाकी गेल्या सप्टेंबरात खारी केली. "टाकी तर आहेच साहेब, मीठ टाकलं की झालं," असं दुकानदार म्हणाला होता. आज हिशेब मांडला तर जुन्यातली काच आणि झाकण एवढंच कामाला आलं. झाकणसुद्धा मार्चपर्यंतच.

रंगीत खडी आणि तिच्याखालचा फिल्टर पहिल्याच दिवशी बाद झाले. हवेच्या पंपाच्या जागी पाण्यात प्रवाह तयार करणारे दोन वेव्हमेकर आणि फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा प्रोटीन स्किमर आले. जुन्या फिल्टरचा स्पंज मात्र मी 'यात बॅक्टेरिया तयार आहेत' म्हणून जपून ठेवला होता. ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) खारेपणात गोड्या पाण्यातले ते बॅक्टेरिया तग धरत नाहीत, हे नंतर कळलं. सायकल, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे बॅक्टेरिया टाकीत वाढवणं, पुन्हा पहिल्यापासून. अमोनिया आणि मग नायट्राइट शून्यावर यायला ३८ दिवस लागले. तोवर घरी येणारा प्रत्येक जण दगडांकडे टक लावून बघायचा आणि विचारायचा, "मासे लपलेत का?"

काचेचीही एक भानगड होतीच. गोल्डफिशना पांढरे ठिपके आले तेव्हा मी याच टाकीत तांब्याचं औषध वापरलं होतं, आणि समुद्री गोगलगायी-खेकड्यांना तांबं थोडंसं असलं तरी विष. टाकी दोनदा भरून उपसली आणि तांब्याची चाचणी शून्य आल्यावरच पुढे गेलो. टाकी कुणाची जुनी घेतली असेल आणि तिच्यात काय काय ओतलंय हे माहीत नसेल, तर सरळ नवी काच घ्या.

खरा खर्च मात्र पाण्याचा. घरच्या आरओचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ४० यायचा, त्या पाण्यावर वाळूवर तपकिरी शेवाळाची साय धरली. मग पुढे उरलेले क्षार काढणारी डीआय कार्ट्रिज जोडली. आता आठवड्याला १५ लिटर पाणी बदलायला आणि रोज उडून जाणारं भरून काढायला मिळून तीसेक लिटर लागतं, आणि आमचा आरओ प्रत्येक लिटरमागे अडीच लिटर फेकतो. एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर येत असताना हे कुणाला सांगायची सोय नाही. फेकलेलं पाणी आम्ही फरशीला आणि फ्लशला वापरतो. "मासे तुझे, बादल्या माझ्या," असं बायको म्हणते, ते खरंच आहे.

पुण्याच्या उन्हाळ्यात पाणी ३१ अंशांवर गेलं. चिलर परवडेना म्हणून झाकण काढून पंखा लावला. तापमान २७ वर आलं, पण रोज दोन लिटर पाणी उडायला लागलं. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं, म्हणून भर नेहमी गोड्या पाण्याचीच घालायची. चार दिवस गावाला जाताना भावाला हे नीट समजावलं होतं. पण दोन्ही कॅन पांढरे, शेजारी शेजारी ठेवलेले. त्याने चारही दिवस पाणी बदलण्यासाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या कॅनमधून ओतलं. परत आलो तर खारेपणा ३७ च्या वर आणि गोगलगायी पाण्याबाहेर, काचेच्या काठाला चिकटलेल्या. दोन दिवस थोडं थोडं गोडं पाणी घालत खाली आणलं. आता खाऱ्या कॅनच्या मुठीला लाल नाडी बांधलेली आहे.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवा. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. गुरुवारी दुपारी वीज जाते, त्यासाठी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असू द्या. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो.

मासे म्हणाल तर क्लाउनफिशची एक जोडी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने हे मासे हॅचरीत वाढवण्याचं तंत्र केव्हाच बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायचं कारण नाही. मोठी असते ती मादी. काच घासायला हात घातला की ती येऊन अंगठ्याला टोचते, आणि नर मागे उभा राहून बघतो. प्रवाळ ठेवलेलं नाही. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. "गपचूप आणून देतो" म्हणणारे भेटले, त्यांना नमस्कार केला.

गोल्डफिश खालच्या मजल्यावरच्या काकूंना दिले. त्या महिन्यातून एकदा पाणी बदलतात, तेही नळाचं, आदल्या रात्री बादलीत भरून ठेवलेलं. मासे चांगले जाडजूड झालेत.