मांजराच्या घरात ख्रिसमस ट्री: प्लॅस्टिकचं की कुंडीतलं?

शाहूपुरीतल्या मैत्रिणीकडे यंदा मांजराचं पिल्लू आलंय, त्यामुळे झाड कुठलं घ्यावं यावर तिचं अडलंय.

प्लॅस्टिकचं झाड बरीच वर्षं पुरतं, पण हलकं. पिल्लू चढलं की आडवं. खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधावंच लागतं. नर्सरीतलं अरोकेरिया, म्हणजे ख्रिसमस ट्रीसारखं दिसणारं कुंडीतलं झाड, जड कुंडीमुळे सहसा पडत नाही. मात्र पानं चघळली तर उलट्या होऊ शकतात, आणि मातीत मांजर शी करतं. वर मोठे गोटे पसरावेत.

खरी भीती दोन्हीकडे सारखीच, चमकीच्या माळांची. धागा गिळला तर आतड्यात अडकतो, ऑपरेशनची वेळ येते. तो बाहेर लोंबताना दिसला तरी ओढू नका, थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. मी कापडी चांदण्याच लावते.

पिल्लू चढाऊ असेल तर कुंडी घ्या. पानं कुरतडणारं असेल तर प्लॅस्टिकचं, तेही दार लावता येईल अशा खोलीत.