६५० किलोमीटरनंतर: चालायचे बूट, मोजे आणि कपडे यांचा माझा अनुभव

घेतला तेव्हा जोडा फिकट राखाडी होता. आता त्याचा रंग कुठला म्हणायचा कोण जाणे. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या तांबड्या मातीने त्याला आपल्यात घेतलंय. हा डाग साबणाने जात नाही, जांभ्यातलं लोखंड आहे ते. कोणी पांढरे बूट घ्यायला निघालं असेल तर तेवढ्यापुरतं आधीच सांगून ठेवते.

माझं वय ५४, नोकरी बँकेत, दिवसभर खुर्चीत. गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, तपासणी केली तेव्हा साखर काठावर निघाली. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. झपाझप म्हणजे किती, तर चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं. मी घरून फर्मागुडीच्या पठारावर चढते, एक फेरी मारून उतरते. साडेतीन किलोमीटर होतात, आठवड्यातून पाच दिवस. बुडवलेले दिवस वजा केले तर ऑक्टोबरअखेरपासून जुलैपर्यंत याच जोड्यावर साधारण ६५० किलोमीटर झाले.

हा दुसरा जोडा. पहिल्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण सगळं शहाणपण त्यानेच शिकवलं.

तो मी सेलमध्ये ऑनलाइन मागवला होता. बोटाने दाबला की आत जाणारा फोम, हातात पिसासारखा हलका. घरात घालून पाहिला तर गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं. नंबर माझा नेहमीचा, ६. तिसऱ्या आठवड्यात उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं. फर्मागुडीचा उतार उतरताना पाय पुढे सरकायचा आणि प्रत्येक पावलाला नख बुटाच्या टोकावर आपटायचं. शिवाय सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ. दहा पावलं चाललं की ती कमी व्हायची, त्यामुळे मी दुर्लक्ष केलं. डॉक्टरांनी तळव्याला अंगठ्याने दाबून पाहिलं आणि टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा पट्टा सुजलाय म्हणून सांगितलं. दोन आठवडे चालणं बंद, पोटरीला ताण द्यायचे व्यायाम सुरू. मग त्यांनी माझा बूट हातात घेतला आणि ओलं फडकं पिळावं तसा पिळला. तो पिळला गेला! मऊ आणि आधार देणारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या वेळी मी फोंड्याच्या बाजारातल्या एका जुन्या दुकानात गेले, शनिवारी सकाळी. दुकानदार काका माझ्या पायाकडे बघून म्हणाले, ‘बाय, सकाळीं न्हय, सांजे यो.’ गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला. कारण मात्र सरळ आहे. दिवसभर उभं राहून, चालून पाय फुगतो. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी आवळतो, आणि चालताना तर पाय आणखी फुगतो.

संध्याकाळी गेले, चालताना घालते तेच मोजे घालून. काकांनी भिंतीला टाच टेकवून मला कागदावर उभं केलं आणि पेन्सिलीने दोन्ही पायांची रेघ मारली. डावा २४.१ सेंटीमीटर, उजवा २४.६. चोपन्न वर्षं मी हे दोन पाय एकाच मापाचे समजून वापरत होते. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा, आणि उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. लांब बोट म्हणजे अंगठाच असेल असं नाही, काहींचं त्याच्या शेजारचं बोट लांब असतं. मग त्यांनी बुटातली आतली गादी काढून जमिनीवर ठेवली आणि मला तिच्यावर उभं केलं. बायकांच्या ६ नंबरच्या गादीवरून माझा चवडा दोन्ही बाजूंनी बाहेर ओघळत होता. शेवटी घेतला तो पुरुषांचा जोडा, कारण ते पुढून रुंद असतात. ३,२०० रुपये. रंगात निवड करायला जागाच नव्हती.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माझ्या पायाला बसलेला बूट तुमच्या पायाला बसेलच असं नाही, आणि त्याच कंपनीचा दुसरा प्रकार मला अजिबात चालला नाही. पाहायचं ते हातांनी पाहा. टोक आणि टाच धरून वाकवला तर बूट बोटं जिथे वाकतात तिथेच वाकला पाहिजे, मधोमध नव्हे. पिळायला गेलं तर त्याने विरोध केला पाहिजे. टाचेमागची वाटी दाबली तर सहज चेपता कामा नये. आणि दुकानात दहा मिनिटं चालून बघा, काय म्हणतील याची लाज बाळगू नका. ‘वापरून सैल होईल’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

टाचेची कळ जायला डिसेंबर उजाडला. ती व्यायामाने गेली की बुटाने, ते मला सांगता येणार नाही. दोन्ही एकदमच सुरू केलं होतं. नखाचं श्रेय मात्र नक्की बुटाचं आणि नाडीचं. सगळ्यात वर, घोट्याजवळ एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेक जण रिकामंच सोडतात. नाडी त्यातून त्याच बाजूला वळवून छोटा फास करायचा आणि समोरच्या नाडीचं टोक त्यातून ओवून आवळायचं. टाच जागची हलत नाही, उतारावर पाय पुढे घसरत नाही. हे मी मुलीकडून शिकले आणि पहिल्याच दिवशी फरक जाणवला.

एक अडचण आहे आणि ती अस्सल आमच्याकडची. रविवारी मी रामनाथी, नागेशी करून येते. देवळात बूट काढायचे, पाय धुवायचे, आत जाऊन यायचं आणि मग ओले पाय मोज्यात कोंबायचे. दोन महिन्यांत बोटांच्या बेचक्यांत खाज सुरू झाली. आता पिशवीत एक छोटा पंचा आणि मोज्यांचा कोरडा जोड असतो. इतकी तयारी करून देवाला जाणारी बहुधा मी एकटीच.

मोज्यांवर मी आधी पैसे खर्च करत नव्हते, ती चूक. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. ओली कातडी घासली की फोड ठरलेला. सिंथेटिक मिश्रणाचे, टाचेला जाड, शिवण बोटांवर न येणारे तीन जोड ४५० रुपयांना घेतले. त्यानंतर फोड आलेला नाही. माझ्या नणंदेला मधुमेह आहे, पायाची जाणीव कमी. तिला डॉक्टरांनी नवा बूट सुरुवातीला तासभरच घालून, मोजा काढून पाय नीट बघायला सांगितलंय. लाल ठिपका दिसला तरी थांबायचं.

कपड्यांचं थोडक्यात. सुरुवात सुती पंजाबी ड्रेसने केली. पठारावर पोचेपर्यंत पाठ भिजायची आणि ओढणी सांभाळण्यात एक हात जायचा. मग झटपट वाळणारे पॉलिएस्टरचे दोन टी-शर्ट घेतले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी फार छान. मे महिन्यात मात्र जाहिरातीतली जादू चालत नाही. हवाच ओलीचिंब असली की कापडावर आलेला घाम उडून जाणार कुठे? तरी सुतीपेक्षा बरं, कारण अंगाला जड होत नाही. वास मात्र लवकर धरतं, आल्याआल्या पाण्यात टाकावं लागतं. मांड्या घासून सोलवटणं हा आम्हा बायकांचा न बोलायचा त्रास. मांडीपर्यंत घट्ट बसणारी लेगिंग आणि निघताना बोटभर खोबरेल तेल, एवढ्याने तो संपला. आणि नेहमीच्या ब्राऐवजी स्पोर्ट्स ब्रा घ्या, खांद्यांना रग लागत नाही. पहाटे अंधार असतो, म्हणून फिक्या रंगाचा टी-शर्ट, आणि जिथे फुटपाथ नाही तिथे समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालणं.

जूनपासून सगळंच बदललं. रेनकोटात आतून भिजते, म्हणून छत्री. बूट भिजला की गादी आणि नाड्या काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबते, दोन तासांनी बदलते, पंख्याखाली ठेवते. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला तर सोलचा डिंक सुटतो. तरी एका रात्रीत वाळत नाही, म्हणून पावसासाठी मागे पट्टा असलेले रबरी सँडल घेतले. चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं की मात्र कुठलाच सोल उपयोगाचा नाही. तिथे मी बाजूचा कठडा धरून म्हातारीसारखी उतरते.

आणि ‘चांगले आहेत म्हणून जपून ठेवते’ हे करू नका. माझ्या नवऱ्याचे महागाचे बूट दोन पावसाळे कपाटात होते. लग्नाला म्हणून घातले आणि मांडवात सोलचे तुकडे पडत गेले. काही सोल पॉलियुरेथेनचे असतात, दमट हवेत ते न वापरताच आतून कुजतात.

माझ्या जोड्याचा वरचा भाग अजून शाबूत आहे, पण टाचेची बाहेरची कड झिजून तिरकी झालीय. टेबलावर ठेवून मागून पाहिलं तर दोन्ही बूट बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात. फोमही पहिल्यासारखा उसळत नाही. अशा बुटांचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, म्हणजे चवथीच्या आधी पुन्हा त्याच दुकानात जायला हवं, संध्याकाळी. जुना जोडा कुळागरात, म्हणजे आमच्या माड-पोफळीच्या बागेत, पाणी शिंपायला जाताना घालीन असं ठरवलं होतं, पण त्यावर नवऱ्याने आधीच हक्क सांगितलाय. माप त्याचंच आहे म्हणतो.