आजोबांची पेटी (हार्मोनियम) मिरजेत दुरुस्त करून आणली, त्याचा अनुभव (लांबलाय, पण पूर्ण वाचा)

पेटी दुरुस्तीबद्दल लिहायला बसलेय पण यात आमच्या घरच्या प्रार्थनेबद्दलही बरंच येणार आहे, ते वगळून लिहून बघितलं तर काही अर्थच उरत नव्हता. ज्यांना फक्त कामाची माहिती हवीय त्यांच्यासाठी आधीच सांगते, काम एक नंबर झालं, 4,800 रुपये घेतले, आठ दिवस सांगून तीन आठवडे लावले, आणि तरीही मी पुन्हा तिथेच जाईन.

पेटी आजोबांची. ते मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात कामाला होते, म्हणजे डॉ. वानलेस यांनी 1894 साली सुरू केलेलं तेच, आणि 1958 मध्ये त्यांनी ही पेटी सेकंडहँड घेतली. त्या काळात आकाशवाणीवर पेटीला बंदी होती, 1940 पासून पार 1971 पर्यंत, पण आमच्या ख्रिस्ती लोकांच्या उपासना, घरोघरच्या प्रार्थना, लग्न, मयत सगळं पेटीवरच चालायचं. 39 पट्ट्यांची, खर्ज-नर अशी डबल सुरांची, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालचा आणि एक मधला असे दोन सूर, आणि आतले सूर, म्हणजे हवेने वाजणारी पितळी पानं, जर्मन. आजोबा गेल्यावर ती पप्पांकडे पिंपरीला आली. पप्पा रोज रात्री आठ वाजता वाजवतात. रोज म्हणजे खरंच रोज, घरात कुणी आजारी असो, पाहुणे असोत, मॅच असो, आठ वाजता प्रार्थना होणारच.

आता जे सांगणार आहे ते लिहायला जड जातंय. आमची ती प्रार्थना गेली कित्येक वर्षं सात मिनिटांत उरकायची. एक गीत, त्याची दोनच कडवी, मग बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पाठ म्हणायचं, मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आमेन, आणि ताटं घ्यायची. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणताना मी भाजीला मीठ घातलं का याचा विचार करायचे, भाऊ डोळे मिटून उद्याच्या शिफ्टचा करत असणार, आणि आमेन झालं की कुणीतरी लगेच टीव्हीचा रिमोट उचलायचं. देवाचं नाव घेतोय आणि त्याच्यासमोर बसलोय ही जाणीवच उरली नव्हती. प्रार्थना चुकली असती तर चुकल्यासारखं वाटलं असतं, पण झाली म्हणून काही वाटायचं नाही. यशया संदेष्ट्याने लिहिलंय आणि प्रभू येशूनेही तेच वचन परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना, सुनावलंय, ओठांनी सन्मान आणि मन लांब. हे मी संडेस्कूलमध्ये पाठ केलंय, मुलांना शिकवलंय, आणि ते आपल्याबद्दल आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

तर पेटी. मागच्या पावसाळ्यापासून भात्यातून फस्स आवाज यायला लागला, एक पट्टी दाबली की वर येईना, आणि मधले दोन सूर एवढे उतरले की आमच्या गाण्यातही खटकायला लागले. भाऊ म्हणाला कीबोर्ड घेऊन टाकू, त्यात ताल असतो, ट्रान्सपोजचं बटण असतं, कुठल्याही पट्टीत गा. बघायला गेलोही. सेल्समनने बटण दाबलं, ताल सुरू झाला, आणि मी पप्पांकडे बघितलं तर त्यांनी हात मागे बांधून घेतलेले. काही बोलले नाहीत, बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, मिरजेला घेऊन जाऊ.

आधी पिंपरीतच एका ठिकाणी दाखवली होती, नाव लिहीत नाही. त्यांनी झाकण उघडून सूर सगळे बदलावे लागतील, नवीन सेट टाकू, दोन दिवसांत देतो असं सांगितलं. पप्पांनी झाकण लावून घेतलं आणि पेटी उचलली. बरं झालं उचलली, पुढे कळेलच.

मिरज का, तर ते वाद्यांचं गाव. तिथली सतारमेकर गल्ली म्हणजे मुळात शिकलगारांची घरं, तलवारी-भाल्यांना धार लावणारी माणसं, ते काम संपत गेलं तसं एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून सतार-तंबोऱ्याकडे वळली. अब्दुल करीम खाँसाहेब तिथेच राहिले, मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात अजून गाणं होतं, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पेटी हे तिथलं मुख्य काम नाही पण ती दुरुस्त करणारी मुरलेली माणसं आहेत. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्या चाचांच्या दुकानाला पाटीच नाही, घराच्या पुढच्या खोलीतच काम चालतं. फोन नंबर मला विचारू नका, त्यांनी कुणाला द्यायला नको म्हणून सांगितलंय, कामं आहेत तीच आवरत नाहीत. गल्लीत जाऊन ‘पेटीवाले चाचा’ विचारलं तर पोरं घरापर्यंत आणून सोडतात.

पेटी मांडीवर घेऊन ट्रेनने गेलो. चाचांनी ती आधी वाजवलीच नाही. सगळे नॉब बंद केले, भाता उघडला आणि दाबून धरला, आणि कानाजवळ नेऊन किती वेळ हवा टिकते ते ऐकत बसले. मग एकेक पट्टी बोटाने आडवी हलवून बघितली. मग वरची फळी काढली, पट्ट्या सोडवल्या, सूरपट्टी बाहेर काढून खिडकीजवळ उजेडात धरली आणि बराच वेळ गप्प. मला वाटलं आता हेही नवीन सूर टाका म्हणणार.

ते म्हणाले, “ह्या घरात एकच गाणं वाजतंय काय?”

पप्पा म्हणाले, “म्हणजे?”

“बघा की.” त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि टोच्याने दाखवलं. मधल्या सप्तकातल्या नऊ सुरांची पितळी पानं लख्ख, आणि त्या नऊ पट्ट्यांच्या खालचं चामडं दबून खड्डा पडलेला, दोन ठिकाणी तर खालचं लाकूड दिसत होतं. बाकीच्या तीस पट्ट्यांचं चामडं जसंच्या तसं, फुगीर, आणि त्यांचे सूर हिरवट चढून बसलेले, काही तर फुंकर मारली तरी बोलेनात. “नऊच. आणि रोज वाजलेत, भरपूर वाजलेत. म्हणून हे उतरले. आणि ते न वाजून मुके झाले. सूर चांगले हायत तुमचे, असे आता मिळत न्हाईत. बदलायचं काय कारण न्हाई.”

त्यांनी हे पेटीबद्दलच सांगितलं, त्यांना आमची प्रार्थना माहीतही नव्हती. पण मी पप्पांचा चेहरा बघितला आणि मला कळलं की त्यांना काय लागलं ते. तीच पट्टी, काळी दोन, तेच गीत, तीच दोन कडवी. किती वर्षं झाली असतील, बारा, पंधरा. आजोबा हीच पेटी खालपासून वरपर्यंत वाजवायचे हो. मला आठवतंय, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणताना ते वरच्या सप्तकात जायचे आणि आज्जी टाळ धरायची.

या टिळकांबद्दल दोन ओळी लिहितेच, कारण नवीन मुलांना पुस्तकात गाण्याखाली नाव दिसतं तेवढंच माहीत असतं. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे नगरला अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम केलं. तोपर्यंत आपली बरीच गीतं म्हणजे परदेशी चालींवर बसवलेलं मराठी. टिळकांनी अभंग, ओवी, पद असं आपलं स्वतःचं मराठी ख्रिस्ताच्या पायाशी आणलं, आणि आज आपल्या गीतपुस्तकात त्यांचीच कितीतरी गीतं आहेत. पण मला सगळ्यात जास्त भिडतं ते 1917 चं. वय पन्नाशी ओलांडलेलं, नाव झालेलं, मिशनचा पगार चालू, आणि त्यांनी तो सोडला आणि साताऱ्याला देवाचा दरबार सुरू केला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे येशूचे शिष्य भाऊ म्हणून एकत्र यावेत म्हणून. दोन वर्षांत 1919 ला गेलेसुद्धा. चाललंय ते चालू द्यावं असं त्या वयात कुणालाही वाटलं असतं.

असो, कामाकडे येते. चाचांनी काय काय केलं ते लिहिते, म्हणजे तुमची पेटी नेली तर काय मागायचं ते कळेल. भात्याच्या घड्यांवरचं सगळं जुनं चामडं काढून नवीन लावलं, नुसतं टेप मारलं नाही. 39 च्या 39 पट्ट्यांखालचं चामडं बदललं, कारण नऊचंच बदललं तर उंची कमीजास्त होते. चार कमानी नवीन. आणि सूर सगळे तेच ठेवले, एकेक काढून साफ केला आणि मग लावला. सूर चढवायचा तर पानाच्या टोकाला अगदी हलकं घासायचं, उतरवायचा तर मुळाकडे, आणि प्रत्येक वेळी परत बसवून ऐकायचं. खर्ज आणि नर मिळून 78 सूर होतात. मी पेटी आणायला गेले तेव्हा शेवटचे काही चालले होते, तासभर बसून बघितलं. एका सुराला त्यांनी अकरा वेळा काढलं-घातलं. तोपर्यंत मला तो केव्हाच बरोबर वाटायला लागला होता. मी म्हटलं, चाचा झाला की. म्हणाले, “शेजारच्याबरोबर अजून भांडतोय.”

ते काम बघताना मला आज्जी आठवली. आज्जी रोज रात्री तीच प्रभूची प्रार्थना म्हणायची, साठ-पासष्ट वर्षं, शब्द न शब्द तोच, पण ‘आमची रोजची भाकर आज आम्हाला दे’ या ओळीला ती थांबायची. दुष्काळ बघितलेली बाई. तिथे थांबून ती एक श्वास घ्यायची, कुणाकुणाची नावं मनात घेत असावी, मग पुढे. म्हणून मला असं अजिबात म्हणायचं नाही की रोजचं तेच तेच करणं वाईट. हल्ली पुष्कळ लोक म्हणतात की पाठ केलेल्या प्रार्थनेत राम नाही, मनातून येईल तशी करा. मला ते पटत नाही. मनातून येईल तशी प्रार्थनाही दोन महिन्यांत पाठ होते, आम्हा सगळ्यांची ठरलेली वाक्यं आहेतच की, आशीर्वाद दे, सांभाळ कर, मार्ग दाखव. आज्जी थांबायची आणि आम्ही थांबत नव्हतो, फरक एवढाच होता. आणि ताल लावलेला कीबोर्ड तर थांबूच देत नाही.

तक्रारी आहेत त्या पण लिहिते. वेळ पाळत नाहीत, दोनदा फोन केला तेव्हा परवा या म्हणाले आणि तो परवा काही आला नाही. बिल नाही. पार्सल करत नाहीत, न्यायची-आणायची आपणच, पुण्या-मुंबईच्या माणसाला दोन फेऱ्या पडतात. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात जाऊ नका. आणि पॉलिश वगैरे ते करत नाहीत, आमच्या पेटीवरचे ओरखडे आहेत तसेच आहेत, पप्पांना ते चाललं.

घरी आणली त्या रात्री पप्पांनी आठ वाजता पेटी उघडली, भाता सोडला आणि हात ठेवला तो नेहमीच्या जागी नाही. पांढरी चारवर ठेवला. टिळकांचं एक भजन सुरू केलं, आजोबा म्हणायचे ते, आणि दुसऱ्याच ओळीला अडले. चाल आठवेना. मम्मीने एक ओळ गुणगुणून बघितली, चुकली, परत म्हटली. पुस्तक शोधायला लागलं, माळ्यावर होतं, ओल लागून पानं चिकटलेली. वहिनीला तर ते गाणंच माहीत नव्हतं, ती लातूरकडची, तिच्याकडे वेगळी चाल म्हणतात, मग तिने ती म्हणून दाखवली. असं करत करत चार कडवी व्हायला वीस मिनिटं लागली आणि तिसऱ्या कडव्यात पप्पांचे हात थांबले. भाता तसाच उघडा. कुणी काही बोललं नाही, कुणी डोळेही उघडले नाहीत. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण त्या खोलीत आपण पाचच जण नाही आहोत हे मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा नीट कळत होतं आणि मी घाबरले होते, चांगल्या अर्थाने, लहानपणी देवळात प्रभुभोजनाच्या वेळी टेबलावरचं पांढरं कापड काढताना वाटायचं तसं. मग पप्पांनी प्रार्थना केली आणि ती ठरलेल्या वाक्यांची नव्हती. त्यात त्यांनी क्षमा मागितली, कशाची ते इथे लिहीत नाही.

त्यानंतर रोज तसंच होतं असं सांगितलं तर खोटं होईल. परवाच भाऊ उशिरा आला, सगळे दमलेले, सात मिनिटांत आटपलं. पण आता एक ठरलंय, आठवड्यात एक गीत नवीन, म्हणजे जुनंच पण आमच्यासाठी नवीन, वेगळ्या पट्टीत, आणि ते येईपर्यंत अडखळत म्हणायचं. आत्तापर्यंत सहा झाली. आणि ‘आमची रोजची भाकर’ला मम्मी आता थांबते, आज्जीसारखी, मग आम्हालाही थांबावं लागतं.

पेटीचा आवाज कसाय ते राहिलंच. भाता एवढा हलका झालाय की करंगळीने चालतो, आणि खर्जाचे सूर, जे मी आयुष्यात ऐकले नव्हते, ते लावले की जमिनीवर ठेवलेल्या स्टीलच्या तांब्यातलं पाणी थरथरतं. चाचांनी निघताना बजावलंय, सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा, चामडं नवीन आहे तोवर सूर हलतात, आणि वरचे-खालचे सगळे वाजवत जा. पप्पांनी कॅलेंडरवर तारीख लिहिलीय आणि तिकीट दोघांचं काढायला सांगितलंय, या वेळी मम्मीला पण यायचंय.