इंजेक्शन की उपचार थांबवणं?

नेदरलँड्समध्ये २००२ पासून, कडक अटी पाळून, डॉक्टर इच्छामरण मागणाऱ्या रुग्णाला प्राणघातक औषध देऊ शकतात. भारतात तो गुन्हाच. आपल्याकडे मुभा आहे ती फक्त उपचार थांबवण्याची. हल्ल्यानंतर अनेक वर्षं निपचित पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ही वाट उघडली. खुद्द अरुणाताईंसाठी मात्र नाकारली, कारण त्यांना सांभाळणाऱ्या मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. चार दशकांची ती सेवा आठवली की इंजेक्शनच्या कायद्याला माझं मन धजत नाही. पण नळ्या काढल्यावरही वेदना उरतातच, तेव्हा मॉर्फिन देणारं कुणी जवळ नसेल तर आपली वाट निष्ठुर ठरते. २०२३ पासून वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे आपले उपचार कधी थांबवावेत हे आधीच लिहून ठेवणं, नोटरीसमोरही करता येतं. मी माझं करणार आहे.