साहेबी काटे-चमचे की घरची पळी-वाटी? सोलापुरात जुनी चांदी जमवू पाहणाऱ्यांसाठी

जुन्या चांदीची हौस आहे आणि हाताशी रक्कम बेताची आहे, तर सोलापुरात बसून तीन वाटा दिसतात. इंग्लंडात घडलेले स्टर्लिंगचे, म्हणजे ९२.५ टक्के चांदीचे काटे-चमचे, तसेच दिसणारे पण मुलाम्याचे काटे-चमचे, आणि आपल्याकडची पळी, वाटी, फुलपात्र, ताट. साहेबी माल इथे अगदीच परका नव्हता. १८६० साली रेल्वे आली, १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, आणि त्यांच्या मागोमाग साहेबलोकांची जेवणाची टेबलं आली. आज मात्र निवड करून घ्यायची तर मुंबईचा चोरबाजार किंवा ऑनलाइन लिलावच गाठावा लागतो. देशी चांदी सराफ कट्ट्यावर मोडीला येते, आणि सराफ ओळखीचा असेल तर आटणीत जाण्याआधी नजरेखालून घालता येते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिली खरेदी इंग्रजी सुट्या चमच्यांची करा. पूर्ण सेटच्या नादी लागू नका. देशी वस्तूंकडे नजर तयार झाल्यावर वळा, पण वळा जरूर.

इंग्रजी आधी का, तर तो चमचा स्वतःची कुंडली पाठीवर घेऊन येतो. चालत्या सिंहाचा छाप म्हणजे ९२.५ टक्के चांदी, अधिकृत कचेरीत तपासलेली. शेजारी गावाची खूण असते : लंडनला बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमला जहाजाचा नांगर, शेफील्डला १९७४ पर्यंत मुकुट. मग कोणत्या वर्षी छाप मारला ते सांगणारं वर्षाचं अक्षर आणि घडवणाऱ्याची आद्याक्षरं. राजा किंवा राणीचं डोकं दिसलं तर तो कर भरल्याचा छाप, म्हणजे माल साधारण १७८४ ते १८९० या काळातला. वर्षाचं अक्षर काही वर्षांनी फिरून येतं, त्यामुळे नुसतं अक्षर जुळून भागत नाही. त्याचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकारही छापांच्या तक्त्याशी ताडून पाहावा लागतो. भिंग हवंच. कोलकात्याची हॅमिल्टन किंवा मद्रासची पी. ऑर अँड सन्स यांच्या मालावर हा सिंह नसतो, पेढीचीच चिन्हं असतात. म्हणून तो माल कमअस्सल ठरत नाही. जाणकार त्यालाही चांगली किंमत देतात.

छाप खरा असला तरी वस्तू झिजलेली असू शकते. काट्याची टोकं एकसारखी आणि पुरेशी लांब आहेत का, हे पाहा. चमच्याचं टोक एका बाजूने घासलेलं असेल, तर उजव्या हाताने तो वर्षानुवर्षं वापरला गेलाय. दांड्यावर तोंडाची वाफ सोडा. आधीच्या मालकाची अक्षरं घासून काढली असतील तर तिथला पत्रा पातळ लागतो आणि वाफेत डाग उठून दिसतो. सुऱ्या तर सरळ सोडून द्या. बहुतेकींची मूठ पोकळ, वर चांदीचा पातळ पत्रा, आत राळ भरलेली आणि पातं पोलादाचं. सेटचं एकूण वजन सांगून भाव लावणारा विक्रेता ही राळही चांदीच्या भावाने विकत असतो.

मुलाम्याच्या मालावर फार शब्द खर्चायला नकोत. १८४० साली बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टनने विजेच्या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि पुढे तो माल ढिगाने निघाला. ई.पी.एन.एस. ही अक्षरं म्हणजे आत जर्मन सिल्व्हर : तांबं, निकेल आणि जस्त. आतल्या धातूत चांदी औषधालाही नाही. काही कारखाने ही अक्षरं वेगवेगळ्या चौकटींत, हॉलमार्क वाटावा अशी ठोकत. नवखा माणूस हमखास इथेच फसतो. पाहुणे आले की टेबल सजवायचं आहे, तर खुशाल घ्या, स्वस्तात शोभा आहे. संग्रह म्हणून नको.

देशी चांदीवर सहसा ना सिंह, ना वर्षाचं अक्षर. तरी ती अगदी मुकी नसते. पुष्कळ भांड्यांवर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं असतं, कधी देणाऱ्याचं, कधी घेणाऱ्याचं, आणि नशीब असेल तर सोबत शकही. शकात ७८ मिळवा. शके १८४५ म्हणजे इसवी सन १९२३-२४. असं नाव असलेली वाटी मी तशाच बिननावाच्या वाटीपेक्षा जास्त देऊन घेईन, सराफ हसला तरी चालेल. लिंगायत घरांतली इष्टलिंगाची चांदीची डबी विकायला आली, तर मात्र मी हात लावणार नाही. ती त्या घरातच शोभते.

कस हा देशी मालाचा खरा प्रश्न. टंच काढून घ्या, म्हणजे सराफाकडे मशीनवर कस तपासून घ्या, पण मशीन वरवरचाच थर पाहतं हे ध्यानात ठेवा. एकसंध पळी असेल तर घरीही अंदाज येतो : कोरडं वजन भागिले पाण्यात बुडवल्यावर जेवढं वजन कमी भरलं ते. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर ठीक, नऊच्या खाली आलं तर ती चांदी नव्हे. तांब्या, गुलाबदाणी यांना जोड असतात, आणि ते जोडणारा डाख कमी कसाचा असतो. त्यामुळे अशा वस्तूंची मोड घालताना घट जास्त धरली जाते.

विकायची वेळ आली तर सोलापुरात दोन्हींची गत एकच. काट्यावर भार मोजला जाईल, कारागिरीला कुणी विचारणार नाही. इंग्रजी चमच्याला जादा किंमत देणारा गिऱ्हाईक मुंबईत किंवा लिलावात भेटतो, म्हणजे पाठवणी आणि दलाली आली. देशी वस्तू निदान रोज वापरता येते. काट्याने कडक भाकरी खाऊन दाखवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

वापरा, पण लसणाची शेंगा चटणी चांदीच्या वाटीत रात्रभर ठेवू नका. लसणातलं गंधक चांदी काळी करतं आणि मीठ तिला खातं. ठेवताना धुऊन मऊ झालेलं पांढरं सुती कापड वापरा. नव्या रंगीत चादरीच्या रंगात गंधक असू शकतं, लोकरीत तर असतंच, आणि रबरबँडचा वळ सहजी निघत नाही. नक्षीच्या खोबणीतला काळेपणा मुद्दाम राहू द्या. फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्यात बुडवलं की तोही जातो आणि नक्षी सपाट दिसते.

परदेशातल्या भाच्याला लग्नात पणजीचं ताट द्यायचा बेत असेल, तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आधी पाहा. शंभर वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.