शिडी जोडलेले पॉटी सीट: बैठक चांगली, गादी नकोशी

मुलासाठी घेतलेले हे शिडीचे पॉटी सीट मोठ्या कमोडवर बसवता येते आणि त्याची खरी जमेची बाजू अशी, की बसल्यावर मुलाचे पाय लोंबकळत न राहता पायरीवर भक्कम टेकतात. हा मुद्दा वरवर किरकोळ वाटेल. परंतु पाय टेकलेले आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर असले की जोर करणे सोपे जाते. उकिडवे बसण्याचा फायदाही हाच, आणि ज्या मुलांना खडा धरण्याचा, म्हणजे शी कडक होण्याचा, त्रास होतो, त्यांना तर अशा आधाराची विशेष गरज असते.

बैठकीवरची मऊ गादी मात्र दिखाऊ आहे. तिच्या शिवणीत शू मुरते, वास धरतो आणि पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही, म्हणून आम्ही ती काढूनच टाकली. शिडीच्या पायांखालचे रबर ओल्या फरशीवर सरकते. त्यामुळे मूल चढत असताना मोठ्या माणसाने शेजारी उभे राहणे भागच आहे. भारतीय पद्धतीचा संडास असलेल्या घरी भांडे काढून धुता येणारी साधी पॉटी खुर्ची घ्यावी.

डायपर दोन तास कोरडा राहणे, चड्डी स्वतः खाली ओढणे, ही पॉटीची सवय लावण्यासाठी मूल तयार असल्याची लक्षणे साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसू लागतात (घरातील आज्यांना हे मान्य नसते, ती गोष्ट वेगळी), आणि खरेदी त्यानंतरच करावी.