चिमणीचं भोक: चार इंच ठेवायचं की सहा करायचं?

कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांत स्वयंपाकघराच्या भिंतीला अनेकदा चार इंची भोक आधीपासूनच असतं आणि नव्या चिमणीचं तोंड बहुधा सहा इंची. मग बसवणारा रिड्यूसर (सहा इंची तोंड चार इंची पाइपला जोडणारा निमुळता तुकडा) लावून मोकळा होतो. भिंत शाबूत, धूळ नाही, खर्चही किरकोळ. पण गोल पाइपची जागा व्यासाच्या वर्गाने बदलते: सहा इंचाच्या तुलनेत चार इंचात उरते ती जेमतेम 44 टक्के. तेवढीच हवा ढकलायची तर वेग सव्वादोन पट हवा. मोटरला ते पेलत नाही; आवाज वाढतो, ओढ घटते आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका थेट हॉलपर्यंत. त्यात नालीदार अ‍ॅल्युमिनियम पाइप दोनदा वळवला, तर बघायलाच नको.

दुसरा मार्ग कोअर कटिंगचा, म्हणजे गोल कटरच्या यंत्राने भिंतीतलं भोक सहा इंची करून घ्यायचा. विटांची भिंत सहज कापली जाते. पाण्याचा राडा होतो, टाइल तडकायची धास्ती असते, सोसायटीला विचारावं लागतं. बीम किंवा कॉलम आड आला तर मात्र हात लावू नका.

घर स्वतःचं असेल तर मी राडा पत्करून सहा इंचीच करून घेईन. भाड्याच्या घरात रिड्यूसर चालवा, फक्त पाइप आखूड आणि सरळ ठेवा. खिडकीच्या वरच्या काचेतून सहा इंची पाइप काढता आला, तर भिंतीचा प्रश्नच मिटला.